भिंतीवरची लढाई : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की, देवाची तसबीर लोक कुणाच्याही हाती फ्रेमला पाठवतात, पण पलटणीचं चित्र मात्र स्वतः छातीशी धरून आणतात. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. आमचं फ्रेमचं दुकान पुण्याच्या कॅम्पात, सासऱ्यांपासूनचं. अर्धं गिऱ्हाईक वानवडी-घोरपडीचं, म्हणजे फौजी. त्यामुळे या विषयावर बोलायला मला कुणी आग्रह करावा लागत नाही. या वेळचं सगळं सदर लढाईच्या चित्रांनाच देते आहे. ओल आणि बुरशीवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : नमस्कार ताई. माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले, ‘जंगी पलटण’वाले. सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या खोलीत १९७१च्या जमालपूरच्या लढाईचं एक छापील चित्र आहे, पलटणीकडून मिळालेलं. चित्र पार निळं पडलंय, माउंटवर डाग आहेत, फ्रेमच्या पट्टीला भोकं आहेत. आम्ही आता गाव सोडून पुण्याला फ्लॅटमध्ये जातोय. यांचं म्हणणं, चित्राचा फोटो काढून मोठ्या कॅनव्हासवर छापून घेऊ, नवं कोरं दिसेल. सासरे नको म्हणतात. का ते सांगत नाहीत. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसतात. काय करावं?
— एक सून, खटाव तालुका

उत्तर : कॅनव्हासची ऑर्डर दिली असेल तर आधी थांबवा. मग सासरे समोर बसलेले असताना ते चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथं घाला. समोर असताना हे मुद्दाम म्हणते. फौजी माणसाची वस्तू त्याच्या माघारी हलवली की तो बोलत नाही, पण त्या दिवशी जेवतही नाही.

पाठ बघा. आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीची ती जाड पुठ्ठ्याची कड, उजेडात तिरकी धरून बघा. पलटणीतून निरोपाला दिलेल्या चित्रांवर बरोबरीच्यांच्या सह्या असतात, आणि त्या बहुतेक वेळा चित्रावर नसतात, माउंटवर असतात. बॉलपेनची सही फिकी पडून पिवळट रेघ होते आणि सुनेला ती डाग वाटते. तुम्ही ज्यांना डाग म्हणता त्यातले काही डाग नाईक किंवा हवालदार असण्याची दाट शक्यता आहे. एका निवृत्त हवालदारांनी असंच चित्र दुसऱ्या एका दुकानात नव्या फ्रेमला दिलं होतं. दुकानदारानं कौतुकानं पांढरंशुभ्र माउंट घातलं आणि जुनं कचऱ्यात टाकलं. हवालदार माझ्याकडे आले ते चित्र घेऊन नाही, रिकाम्या हातानं, ‘तसलं माउंट कुठं मिळंल का’ विचारायला. काय उत्तर देणार?

चित्र निळं का पडलं तेही सांगते, म्हणजे दोष कुणाच्या माथी जाणार नाही. ऑफसेटच्या छपाईत चार शाया असतात. उन्हानं पिवळी आणि लाल आधी उडते, निळी आणि काळी मागं राहते. खोलीला पश्चिमेची खिडकी असेल तर हे व्हायचंच होतं.

आता जमालपूर. घरात कुणी त्यांना त्याबद्दल नीट विचारलंय का? नसेल तर एवढं माहीत असू द्या. डिसेंबर १९७१. जमालपुरात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण ठाण मांडून होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवलं. तिकडच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तर लिहिलं आणि पत्राच्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळून परत पाठवली. १० तारखेच्या रात्री ती पलटण जमालपुरातून बाहेर पडायला निघाली, आणि वाट अडवून बसली होती ती तुमच्या सासऱ्यांची जंगी पलटण. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार तिचे कमांडिंग ऑफिसर होते. रात्रभर चाललं.

अशा लढाईचं चित्र काढणारा चित्रकार उंचावरून बघतो. त्याला रस्ता दिसतो, ट्रेसर गोळ्यांचे लाल पट्टे दिसतात, दोन्ही बाजू एकदम दिसतात. खंदकात पडलेल्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच युद्धात पूर्वेच्या आघाडीवर असलेले एक गृहस्थ दुकानात अशाच चित्राकडे बघून म्हणाले होते, “बाई, ह्यातलं आमी काय बी बघितलं न्हाई. आमच्या म्होरं भाताचं खाचर अन् म्होरच्याचं बूट.” तरी त्यांनी ते चित्र फ्रेम करून नेलंच. माझा अंदाज असा की, रात्रभर ज्याला आपल्यापुढचं दहा हात रान तेवढं दिसलं, त्याला आपण नेमके कशाच्या मध्ये होतो हे त्या चित्रानं पहिल्यांदा दाखवलं. आपला जोडीदार कुठल्या बाजूला होता, तो पडला ती जागा रस्त्यापासून किती लांब होती, हे त्याला तिथं मोजता येतं. तुमचे सासरे संध्याकाळी तिथं बसून काय करतात ते मी सांगू शकत नाही. पण शोभेची वस्तू माणूस वर्षानुवर्षं रोज बघत नाही.

एक करा. ‘कसं वाटलं होतं’ असलं टीव्हीवाल्यांसारखं विचारू नका. विचारा, “तुम्ही यात कुठं होता?” बोट काचेवर ठेवतील. पुष्कळदा ते बोट फ्रेमच्या बाहेर भिंतीवर टेकतं, कारण त्यांची कंपनी चित्रकारानं घेतलेलीच नसते. मग विचारा, “शेजारी कोण होतं?” जी नावं निघतील ती, गावासकट, वर्षासकट, पाठीच्या नव्या बोर्डावर मऊ पेन्सिलीनं लिहून ठेवा. पेननं नको, शाई झिरपते.

कामाचं म्हणाल तर पट्टी किडली आहे ती जाळून टाका, गावच्या घरातच, फ्लॅटमध्ये आणू नका. माउंट तेच ठेवायचं. त्याच्या मागं ॲसिड-फ्री बोर्ड घालून घ्या. काच आणि कागद यांच्यात पट्टीची फट राहिली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि मग देवही सोडवू शकत नाही. चिकटपट्टी कुठेही नको. नव्या घरात पश्चिमेची आणि स्वयंपाकघराची भिंत सोडून द्या. खाटेवर बसल्यावर त्यांची नजर जिथं जाते ती उंची आज टेपनं मोजा आणि तीच तिथं ठेवा. यांना कॅनव्हासची फारच हौस असेल तर हॉलमध्ये लावू द्या. सासऱ्यांच्या खोलीत जुनंच.

प्रश्न : माझा मुलगा सैन्यात होता. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. गावातल्या मुलांच्या मंडळानं यंदा पुण्यतिथीला त्याचं मोठं चित्र तयार करून घेतलंय आणि घरी देणार आहेत. मला मोबाइलवर दाखवलं. मागं किल्ला, दोन झेंडे, वरून महाराज आशीर्वाद देतायत, आणि हा मध्ये छाती काढून उभा. दंड पैलवानासारखे. माझा मुलगा किडकिडीत होता. त्याचा एक दात पुढं होता, तो चित्रात सरळ केलाय. मुलं मायेनं करतायत, नाही कसं म्हणू? पण ते घरात लावलं तर मला रोज परका माणूस दिसेल.
— एक आई, चाळीसगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दुकानातल्या मुलांना वाचून दाखवलं, कारण असली चित्रं आमच्याकडेही फ्रेमला येतात आणि आम्ही काही न बोलता पट्टी मारून देतो.

हे कसं बनतं ते सांगते. चेहरा भरतीच्या वेळच्या पासपोर्ट फोटोतून घेतात, कारण घरच्यांनी तोच दिलेला असतो. खांद्याखालचं शरीर कुणा दुसऱ्याचं, बऱ्याचदा परदेशी सैनिकाचं, इंटरनेटवरून उतरवलेलं. मग कातडीचा रंग एकसारखा करायला चेहरा गुळगुळीत करतात. दात त्याच घासणीत गेला. गणवेशही अनेकदा त्याच्या पलटणीचा नसतो. बॅज चुकतो, टोपी चुकते, छातीवर न मिळालेली पदकं येतात. मुलांना हे कळत नाही, पण त्याच्या बरोबरचा कुणी दर्शनाला आला तर त्याला पहिल्या नजरेत कळतं.

गावाला वीर हवा आहे. त्यात गैर काही नाही. चौकात, शाळेत, मंडळाच्या कार्यालयात ते चित्र खुशाल लागू दे, तिथं तो गावाचा आहे. घरात तो तुमचा. म्हणून मंडळाला नाही म्हणूच नका, असं म्हणा : “बाळांनो, हे शाळेला द्या. घरी देण्यासाठी मी सांगते तो फोटो मोठा करून द्या.” खर्च त्यांनी करायचा तो करू दे, त्यांचा मान राहतो. आणि शाळेतल्या चित्रासाठी दोन अटी घाला. गणवेश आणि पदकं त्याच्या पलटणीकडून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून घ्यायची. दुसरं, दात जसा होता तसा. या दुसऱ्या अटीवर मुळीच हटू नका. ज्या मुलानं ते चित्र केलंय त्याला दहा मिनिटांचं काम आहे.

घरासाठी फोटो निवडताना गणवेशातलाच पाहिजे असं मनात धरू नका. सुट्टीवर आला असताना बैलापाशी, मोटारसायकलवर, बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढताना, जो तुम्हाला त्याच्यासारखा वाटतो तो. मोबाइलमधला असेल तर व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, त्यात फोटोचा जीव जातो. ज्या फोनमध्ये आहे तो फोनच दुकानात न्या, किंवा मूळ फाइल ईमेल करायला सांगा. दोन प्रती काढा आणि एक पाकिटात घालून कपाटात ठेवा, अंधारात. ताज्या फुलांचा हार काचेला टेकला की पाणी फ्रेमच्या खाचेत उतरतं, म्हणून हार घालायचाच तर वरच्या कडेला वेगळा खिळा मारून त्यावर घाला.

प्रश्न : काकू, मी नागपूरला एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, इतिहास घेऊन. रद्दीवाल्याकडे मला एक जुनी इंग्रजी प्रिंट मिळाली. एक गोरा माणूस मरायला टेकलेल्या घोड्यावर कसाबसा बसलाय, मागं नुसतं माळरान. शोधल्यावर कळलं की लेडी बटलर या चित्रकर्तीचं ‘रेम्नन्ट्स ऑफ ॲन आर्मी’. खोलीत लावलं तर मित्र म्हणाला, हा साम्राज्याचा प्रचार आहे, काढून टाक. मला तर ते बघून वाईटच वाटतं. मी चुकतोय का?
— एक विद्यार्थी

उत्तर : वाईट वाटतं ते बरोबरच वाटतं, कारण तिला तेच हवं होतं. मित्रही अगदीच चुकीचं बोलत नाही.

तो घोड्यावरचा माणूस म्हणजे विल्यम ब्रायडन, बंगालच्या फौजेतला डॉक्टर. जानेवारी १८४२मध्ये इंग्रजांची फौज काबूल सोडून जलालाबादकडे निघाली. साधारण साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बुणगे, बायका, पोरं. बर्फ, उपासमार आणि खिंडीखिंडीतून गोळ्या. १३ जानेवारीला जलालाबादच्या तटावरून एक स्वार येताना दिसला, तो हा. बटलरबाईंनी हे चित्र काढलं १८७९ला, म्हणजे इंग्रजांची फौज दुसऱ्यांदा अफगाणिस्तानात शिरलेली असताना. अशा वेळी मागच्या खेपेचा हा स्वार लोकांपुढे उभा करायचा, याला प्रचार म्हणायचं तर तो कोणाच्या बाजूचा, ते मित्राला विचार.

या बाईंचा मला स्वतःला फार आदर आहे. १८७४ला त्यांचं ‘रोल कॉल’ लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं तेव्हा इतकी झुंबड उडाली की चित्रापाशी पोलीस उभा करावा लागला. शेवटी राणी व्हिक्टोरियानं ते घेतलं. आहे काय त्या चित्रात? क्रिमियाच्या बर्फात लढाईनंतर हजेरी घेताहेत. कुणी जखमी, कुणी शेजाऱ्याच्या आधारानं उभा, एक जण खाली कोसळलेला. ना तलवार उगारलेली ना झेंडा रोवलेला. सेनापतींच्या मागं लागलेल्या त्या काळात या बाईनं रांगेतल्या माणसाचे डोळे रंगवले, आणि त्याच्या कोरीव छापाच्या प्रती घरोघरी गेल्या. ज्यांची मुलं परत आली नव्हती त्यांनी त्या विकत घेतल्या असतील तर नवल नाही.

आता मित्राची बाजू. ब्रायडन एकटाच वाचला ही समजूत त्या चित्रानं पक्की केली, आणि ती खोटी आहे. काही हिंदी शिपाई नंतर हालअपेष्टा काढत परतले, काही गुलाम म्हणून विकले गेले, काही ओलीस सुटले. त्या साडेचार हजारांत गोरे सातशेच्या आसपास. बाकी सगळे आपल्याकडचे. तुझ्या प्रिंटमध्ये त्यातला एकही नाही. मुंबईला गेलास तर कुलाब्याला अफगाण चर्चमध्ये जाऊन ये. त्याच अफगाण आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांसाठी ते बांधलं. आत अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत, आणि खाली लिहिलंय की बाकीचे शिपाई इतके आहेत की त्यांची नावं देता येत नाहीत. मी तो दगड पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली होती, चर्चमध्ये.

तेव्हा चित्र लाव. मित्राला म्हणावं, तुझं म्हणणं मान्य, म्हणून मी चहा पिताना त्या माळरानाकडे जास्त बघतो. आणि प्रिंटची कड तपास. चित्राच्या चारी बाजूंनी कागदावर पत्र्याची दाबलेली चौकोनी खूण बोटाला लागली तर ती जुन्या कोरीव पत्र्यावरून काढलेली असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर भिंतीवर सेलोटेपनं लावू नकोस रे बाबा.

प्रश्न : मी आर्मर्डमधून, म्हणजे रणगाड्यांच्या दलातून, रिसालदार म्हणून निवृत्त, सध्या अहिल्यानगरात. बैठकीत बसंतरच्या लढाईचं चित्र आहे. पुढं आपला सेंच्युरियन रणगाडा, मागं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे जळताना. इतकी वर्षं अभिमानानं लावलं. परवा नातवानं विचारलं, “आजोबा, त्या जळणाऱ्या गाडीत माणसं होती का?” मी विषय बदलला. आता चित्राकडे बघितलं की तेच आठवतं. चित्र बदलावं का?
— एक माजी सैनिक

उत्तर : रिसालदारसाहेब, चित्र राहू द्या. नातवाला उत्तर मात्र द्यायला हवं : हो, होती. चार किंवा पाच. तुम्ही आयुष्यभर रणगाड्यात बसलात, तुमच्याइतकं हे कोण जाणतं? म्हणून तर विषय बदललात.

त्याला घेऊन एखाद्या रविवारी तुमच्याच गावातल्या रणगाडा संग्रहालयात जा. तिथं लोखंड हाताला लागतं, आत किती कमी जागा असते ते मुलाला कळतं. आणि अरुण खेत्रपालची गोष्ट अर्धी सांगू नका, पुरी सांगा. अर्धी सगळ्यांना पाठ असते. जन्म पुण्यातला, १९५०चा. पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीत येऊन जेमतेम सहा महिने झालेले. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरपाशी ‘फामागुस्ता’ नावाचा त्याचा रणगाडा पेटला. मागं ये म्हणून हुकूम आला, तर माझी तोफ अजून चालते म्हणून तो थांबला आणि तिथंच मारला गेला. वय २१. परमवीरचक्र.

उरलेली अर्धी २००१ची. त्याचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, तेव्हा ८१ वर्षांचे होते. आपलं जन्मगाव सरगोधा एकदा बघावं म्हणून पाकिस्तानात गेले. लाहोरला ब्रिगेडियर नासर यांच्या घरी उतरले. त्या घरानं त्यांची पोटच्या माणसासारखी सरबराई केली. परतायच्या आदल्या रात्री यजमान म्हणाले, मला एक सांगायचंय. बसंतरला तुमच्या मुलासमोर जो रणगाडा होता तो माझा होता. तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. म्हाताऱ्यानं हे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांना भेटून निघाले.

तुमच्या भिंतीवरच्या चित्रात मागचे रणगाडे लहान काढलेत, कारण ते लांब आहेत. त्यातला एक नासर यांचा समजा. दहा वर्षांच्या मुलाला हे पेलणार नाही असं वाटत असेल तर तो बारा वर्षांचा झाल्यावर सांगा. पण प्रश्न विचारला त्यानं, म्हणजे बहुधा आजच पेलेल. चित्र उतरवलंत तर मात्र त्याला वाटेल की आपण काही वाईट विचारलं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या वाचनालयासाठी सैन्यावरचं एक चित्र घ्यायचंय. देणगी थोडी आहे. घोडे, तलवारी, तोफा असं काही भव्य सुचवा.
— एक शिक्षक, रायगड जिल्हा

उत्तर : सर, घोडे मुलांना सिनेमात भरपूर दिसतात. मी वेगळं सुचवते, पटलं तर बघा.

सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या इंजिनिअर दलाचे. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरीचा रस्ता. सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली. आपले रणगाडे अडकले तेव्हा हा माणूस चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरला आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढं गेला. चालकाला थांब-चल सांगायला हातात दोर. परमवीरचक्र मिळवून जिवंत राहिलेले ते पहिले. आता याचं चित्र काढा म्हटलं तर चित्रकाराची पंचाईत होते : नायक दिसतच नाही, दिसतो रणगाडा. तुमच्या चित्रकलेच्या मुलांना हाच विषय देऊन बघा. दोराचं दुसरं टोक ज्या चालकाच्या हातात होतं त्याला चित्रात कोण घेतं ते मला कळवा.

आणि तुम्ही रायगडातले, तर माणगावचा नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा मुलांनी पाहिलेला असेलच. १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात ते गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांना स्वतंत्र थडगं नाही, नाव तिकडे कॅसिनोच्या स्मारकावर आहे. इटलीचा नकाशा विकत घेऊन त्यावर ते खोरं दाखवलंत तरी भिंत सार्थकी लागेल.

पैसे न खर्चता करता येण्याजोगंही एक आहे. सातारा आणि कोकणातल्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत. या गावातून इतके लढाईला गेले, त्यातले इतके मेले, एवढाच मजकूर, नावं नाहीत. मंदिराच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेल्या असतात, त्यांवर चुन्याचे थर चढलेले असतात. तुमच्या आसपास असेल तर मुलांना न्या. चुना मऊ ब्रशनं झाडा, छिन्नी लावू नका. पातळ कागद वर ताणून धरायचा आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हातानं घासत जायचं. अक्षरं पांढरी उमटतात. वर्गाला एक सबंध छाप मिळेल, मग त्या आकड्यातल्या माणसांची घराणी कोणती ते मुलं आज्यांना विचारत फिरतील. छाप तयार झाला की मला पाठवा, फ्रेम मी करून देते. पैसे नकोत, पट्टी मात्र मी निवडणार.

प्रश्न : माझ्याकडे लढाऊ विमानाची परदेशी प्रिंट आहे. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलनं आकडे आहेत, आणि चित्रकाराच्या सहीशेजारी आणखी दोन सह्या. किती येतील?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : किंमत मी सांगत नाही, कधीच. बाकीचं सांगते. ते आकडे म्हणजे एकूण इतक्या प्रतींतली ही इतकावी. शेजारच्या दोन सह्या बहुतेक त्या लढाईत उडालेल्या वैमानिकांच्या असतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट टेलरसारख्या चित्रकारांच्या प्रिंटवर जुने वैमानिक रांगेनं बसून पेन्सिलीनं सह्या करत. भिंगातून बघा : पेन्सिलची सही तिरक्या उजेडात चकाकते आणि कागदाला किंचित दाब असतो. बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती छापलेली. माणूस वारला की सहीचा भाव चढतो, हे त्या बाजाराचं गणित आहे आणि मला ते फारसं आवडत नाही. विकायचंच असेल तर आधी सह्यांवरून त्या दोघांची नावं ओळखून घ्या आणि ते कोण होते ते वाचा. मग विकावंसं वाटलं तर विका. माउंट कापू नका. आणि मूळ प्रिंट मला पोस्टानं पाठवू नका, मागच्या महिन्यात एकांनी नळकांडं करून पाठवली, ती दुमडूनच पोचली. फोटो पाठवा, सह्यांचा जवळून आणि मागच्या बाजूचा वेगळा.